लक्ष्मीच्या ताटातला गूळ

आमच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी आजोबांच्या छातीत कळ आली तेव्हा जिभेखाली ठेवायची गोळी घरातच होती. फक्त ती कुठं आहे हे एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं, आणि सासूबाई लातूरला लेकीकडं गेलेल्या. मुलानं देव्हारा पाहिला, सुनेनं फ्रिज पाहिला, गाद्यांखाली हात घालून झाले. शेवटी आजोबांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचले. गोळी पुढं सापडली ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. सासूबाई परत आल्यावर दुकानात येऊन मलाच म्हणाल्या, "पोरांच्या हाताला लागू न्हाई म्हणून ठिवली होती. पिठात कोण हात घालतंय?" त्या घरात भाकरी रोज त्याच करत असत. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर चूक काहीच नव्हती.

उदगीरला आमचं औषधाचं दुकान आहे. औषधशास्त्राची पदविका घेतली, लग्नाआधी भोकरला मामांच्या दुकानात काउंटरमागं उभी राहिले, लग्न होऊन उदगीरला आले आणि इथल्या काउंटरमागं उभी राहिले. बसून करायचं हे काम नव्हे. एवढ्या वर्षांत डॉक्टरांचं अक्षर वाचायला शिकले, माणसाचा चेहरा वाचायला शिकले, आणि एक गोष्ट पक्की समजली: औषध घरात असणं आणि वेळेला ते हाताला लागणं यात मोठं अंतर असतं. ते अंतर कमी करणं हा मी दुकानाचाच भाग मानला. त्याचे पैसे मिळत नाहीत. ओळखी मात्र मिळतात, आणि त्या मला पुरून उरल्या आहेत.

याचं मूळ माहेरी आहे. माझं माहेर मुदखेड. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. गार्डांची एक लोखंडी पेटी असते. त्यात झेंडे, दिवा, मागून येणाऱ्या गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके, मलमपट्टीचं सामान. गाडी मध्येच कुठं उभी राहिली तर गार्डाला अंधारातही पेटीतली वस्तू हाताला लागली पाहिजे, म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. वडील घरीसुद्धा तसेच. कात्री वापरून झाली की तिच्या खिळ्यालाच लटकली पाहिजे. आईला त्याचा भारी वैताग. "घर हाय का मालगाडी?" असं ती म्हणायची. मी काउंटरवर उभी राहिल्यावर वडिलांची बाजू घ्यायला लागले.

बाहेरच्यांना वाटतं, औषधाच्या दुकानात चिठ्ठी घ्यायची, गोळ्या द्यायच्या, पैसे घ्यायचे. तेवढंही नीट होत नाही, कारण खरा घोटाळा गोळ्या घरी गेल्यावर होतो. आमच्याकडं गोळ्यांचं पाकीट कापून न्यायची पद्धत. ज्या बाजूला नाव आणि मुदत छापलेली, नेमकी तीच बाजू आधी फोडून खातात. उरलेल्या चार गोळ्यांना ना नाव ना गाव. मग त्या शेजारी जातात. "आमच्या ह्यांना लई गुण आला, तुम्हीबी घ्या." भाजीची वाटी द्यावी तशा गोळ्या देतात. प्रेमच असतं ते, पण ते पुढं दवाखान्यात निस्तरावं लागतं. उन्हाळ्यात इथं दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि लोक इन्सुलिन ठेवतात खिडकीत. वीज गेली की कुणी ते माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळतं. त्यांची मी तारीफ करते. पण एका बाईंनी ते बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. मी म्हणाले, गोठलं, आता फेका. त्या म्हणाल्या, "जेवढं गार तेवढं चांगलं ना?" मी म्हणाले, "आईस्क्रीम नाही हो ते." त्या दिवसापासून त्या गल्लीभर सगळ्यांना तेच वाक्य ऐकवतात, माझं नाव न घेता.

भोकरच्या दुकानातला एक शेतकरी कधी विसरणार नाही. रुंद खांद्याचा, मिशाळ, कुणाला घाबरत नसावा असा माणूस. येऊन म्हणाला, "सापाचं इंजेक्शन द्या दोन. घरी ठेवतो."

मी म्हणाले, "ते घरी ठेवायचं नसतं काका. दवाखान्यातच देतात."

"पर घरी असलेलं बरं."

"टोचणार कोण?"

"आमची मंडळी."

"त्यांनी कधी टोचलंय?"

"न्हाई. पर ती काहीबी करू शकते."

मामा औषधांची खोकी मोजत होते, ते हसून खाली बसले. मी त्या काकांना सांगितलं, इंजेक्शनचा नाद सोडा. जीप आहे ना? मग पावसाळाभर रात्री ती लावताना तोंड रस्त्याकडं करून लावा, डिझेल कमी होऊ देऊ नका, आणि सापाचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात आहे हे आजच विचारून ठेवा. काही चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. सरळ दवाखाना. काका जरा नाराज झाले. विकत घ्यायला आले होते, हाती नुसतं बोलणं पडलं. पुढच्या वर्षी ते मुगाची पिशवी घेऊन आले. सालगड्याला साप चावला होता. "गाडीचं तोंड रस्त्याकडं होतं," एवढंच म्हणाले आणि पिशवी काउंटरवर ठेवली. त्या मुगाची खिचडी आम्ही बरेच दिवस खाल्ली.

उदगीरला आल्यावर मी ठरावीक गिऱ्हाइकांना घरचा डबा करायला लावू लागले. साधा झाकणाचा स्टीलचा डबा. त्यात ताप मोजायची काडी, तापाची गोळी, जुलाबावर पाण्यातून घ्यायची पावडर, पट्ट्या, कापूस, जंतुनाशक. घरात ज्याचं कायमचं औषध आहे त्याच्या आठवडाभराच्या गोळ्या, नाव असलेल्या पाकिटातच. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत. झाकणाच्या आतून दवाखान्याचा आणि जवळच्या माणसाचा फोन नंबर. साखरेचा आजार असेल तर साखर तपासायचं मशीन आणि खडीसाखरेची पुडी. डब्याची जागा एक, आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत. दिवाळीची साफसफाई करताना डबा उघडायचा, जुनं झालेलं टाकायचं, नवं भरायचं. फार मोठं शास्त्र नाही त्यात. तरी लोकांना पटवायला वर्षं गेली. "घरात औषधं साठवली की आजार येतो म्हणतात," असं तोंडावर सांगणारेही भेटले. त्यांना मी म्हणायचे, "मग छत्री घेतल्यानं पाऊस येतो का?" काही हसायचे आणि डबा घ्यायचे. काही हसायचे आणि जायचे.

ज्यांनी डबा अगदी मनापासून केला त्यांत महानंदाबाईंचा पहिला नंबर. त्यांचे यजमान मन्मथअप्पा, मोंढ्याजवळ भांड्यांचं दुकान, शिवाय गावाबाहेर वडिलार्जित शेत. अप्पा अतिशय गरीब स्वभावाचे. कुणी काही म्हणालं की "बरं बरं" म्हणायचे, गिऱ्हाइकानं भाव पाडला तरी "बरं बरं". साखर खूप वाढली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, तेव्हा ते घाबरून गेले होते. महानंदाबाई मात्र माझ्यासमोर बसून टोचायचं कसं ते शिकल्या. मी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, इंजेक्शन चुकवायचं नाही, मग सण असो की लग्न. दोन, टोचलं की जेवण लांबवायचं नाही. साखर वाढण्याची भीती सगळ्यांना असते, पण इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर एकदम खाली जाते, आणि ते वाढण्यापेक्षा फार लवकर जिवावर बेततं. घाम, थरथर, चिडचिड, बरळणं. मग शुद्ध जाते. त्यांनी सगळं ऐकलं, डबा भरला, आणि घरी नेऊन इतका जपला की त्यावर क्रोशाचं झाकण विणलं.

आता येळवशीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या भागाबाहेर ती फारशी कुणाला माहीत नसते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-उदगीरकडं घरंच्या घरं कुलूप लावून शेतात जातात. बाजार बंद, रस्ते मोकळे. मी मुदखेडची, लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा गावात काही बरंवाईट झालं की काय वाटलं होतं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप करतात, तिच्यावर शाल पांघरतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा करतात. सगळ्या शेंगाभाज्यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मातीच्या बिंदगीत आंबील. पूजा झाली, नैवेद्य दाखवला, की मग पंगत. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहानं बोलावतात. पूजेआधी मात्र कुणी घास तोंडात घालत नाही.

येळवशीला मी दुकान अर्धं उघडं ठेवते. सगळं गाव शेतात गेलं तरी आजारपण जात नाही. त्यामुळं माझी मुलं आजी-आजोबांबरोबर शेतात जायची आणि मी दुकानात. संध्याकाळी ती माझ्यासाठी डब्यात गार भज्जी आणायची. त्याची हळहळ अजून आहे. म्हणून त्या वर्षी मन्मथअप्पा स्वतः दुकानात येऊन, "औंदा तुम्ही न्हाई म्हणायचं न्हाई, अव्वानं सांगितलंय," असं म्हणाले तेव्हा मी हो म्हणाले. अव्वा म्हणजे त्यांची आई. ऐंशीच्या घरातली, कपाळावर भस्माची पट्टी, गळ्यात इष्टलिंग, सोवळ्या-ओवळ्यात कुणाचं ऐकून न घेणारी. त्यांच्या घरी पाणी कुठल्या तांब्यातून प्यायचं हेसुद्धा त्याच ठरवत.

सकाळी शटर खाली ओढते आहे तोच एक जण हात भाजलेली बायको घेऊन आला. खीर ढवळताना सांडली होती. तिला पट्टी करून दवाखान्याची वाट दाखवली, तोवर तापानं फणफणलेलं एक लेकरू आलं. मन्मथअप्पांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा फोन आला. "मॅडम, कुठंवर आलाव? आम्ही थांबलाव."

"थांबू नका, करून घ्या पूजा. मी येतेच."

"असं कसं? पाव्हणं यायच्या आधी पूजा करून घ्यायची व्हय? तुम्ही या निवांत."

मी निवांत काही गेले नाही, पण उशीर व्हायचा तो झालाच. स्कूटी काळ्या मातीच्या वाटेवरून रेटत शेतात पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खोपीसमोर सगळं मांडलेलं. टोपल्या फडक्यांनी बांधलेल्या. पोरं बोरीखाली बोरं वेचत होती. आणि मन्मथअप्पा ओरडत होते.

हे ऐकून मी स्कूटीवरच थबकले. अप्पांना मी कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. ते पुतण्याला जीपवर टोपल्या बांधायच्या दोरीवरून शिव्या देत होते. "कुणी सोडली? कुणी सोडली सांग!" दोरी त्यांच्या हातातच होती.

अण्णा हसत पुढं आले. "या मॅडम. अप्पाला उपास सोसना झालाय, म्हणून चिडायलाय. आता तुम्ही आलाव, चला उरकू."

मी जवळ गेले. डिसेंबरातली थंडी, वारा सुटलेला, आणि अप्पांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. हात थरथरत होते. माझ्याकडं पाहून म्हणाले, "कोण हो तुम्ही? काय काम हाय?"

सगळे खदाखदा हसले. ज्यांच्यासाठी सकाळपासून थांबले त्यांनाच अप्पा विचारतात, कोण तुम्ही! मला हसू आलं नाही. मी महानंदाबाईंना बाजूला घेतलं. "इंजेक्शन?"

"टोचलं की सकाळी. तुम्हीच म्हणालात ना, सण असो काही असो."

"आणि खाल्लं काय?"

"पूजा व्हायचीय ना मॅडम. पूजेला तेच बसणार. म्हटलं, शेतात गेलं की उरकतंय." बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. माझी दुसरी गोष्ट त्यांना आत्ता आठवली होती.

"डबा कुठाय?"

"घरी. कपाटात."

"कपाटात?"

"दागिन्यांसंगं ठिवलाय कुलपात. आज सगळं गाव रिकामं, चोरांचा दिवस. एवढं महागाचं मशीन…" आणि त्या रडायलाच लागल्या. मी त्यांना गप्प करायला वेळ घालवला नाही. डबा मौल्यवान आहे हे मीच त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं. त्यांनी तो सोन्याशेजारी ठेवला.

अप्पा आता खाली बसले होते. बसले म्हणजे गुडघ्यातून गेले. मी म्हणाले, "गूळ द्या. साखर, गूळ, काहीही. आत्ता."

गूळ होता. भरपूर होता. खोपीत लक्ष्मीपुढच्या ताटात खोबऱ्याशेजारी, आणि खिरीत. सगळं नैवेद्याचं. अण्णा म्हणाले, "दोन मिनिटं मॅडम. नारळ फोडतो, उदबत्ती लावतो, आरती राहू दे." ते काडी ओढायला लागले. वाऱ्यानं ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. अण्णा वाईट माणूस नव्हे. भाऊ जातोय आणि देव रुसतोय या दोन भीतींच्या मध्ये उभा असलेला माणूस होता तो. दुसरीकडं पुतण्या १०८ला फोन लावून शेताचा पत्ता सांगत होता. "पिंपळापासून डावीकडं… न्हाई, दुसरा पिंपळ." मी ओरडले, "फोन चालू ठेव, आणि जीप वळवून रस्त्याला लाव."

तेवढ्यात अव्वा उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. कुणाकडं पाहिलं नाही. शाल बाजूला सारून खोपीत हात घातला आणि लक्ष्मीच्या ताटातला गुळाचा खडा उचलला.

"अव्वा, नैवेद्य!" अण्णांच्या तोंडून निघालं.

"लक्ष्मीला दुपारीबी जेवता येतंय," अव्वा म्हणाल्या. "ह्याला न्हाई येत."

तांब्यातल्या पाण्यात त्यांनी तो गूळ बोटांनी कुस्करला. मी अप्पांना पाठीशी धरून बसतं केलं. गिळता येत होतं अजून. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं, ते फुप्फुसात जातं. म्हणून जे करायचं ते आत्ताच करायचं होतं. मी ते पेल्यात ओतून पेला ओठाला लावला. अप्पांनी तो हातानं उडवला.

"पूजा," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "पूजा… व्हायचीय."

अर्धी शुद्ध गेलेली, बायकोला ओळखत नव्हते, पण उपास धरलेला होता. दात घट्ट मिटलेले. महानंदाबाई विनवत होत्या, अण्णा ओरडत होते, मी दटावत होते. काही उपयोग नाही. तांब्यात अजून थोडं गुळाचं पाणी उरलं होतं. माझ्या हातात त्यांची मान हळूहळू जड होत चालली होती. एवढ्या वर्षांत काउंटरच्या त्या बाजूला कितीतरी माणसं घाबरलेली पाहिली. त्या दिवशी मला समजलं की काउंटर मध्ये असतो तेव्हा आपण किती धीट असतो.

अव्वा लेकापुढं बसल्या. त्याची हनुवटी धरली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "पूजा झाली की रे. तू झोपलास. आरती झाली, नारळ फुटला. सगळे जेवले. तुझाच प्रसाद राहिला."

अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले.

अव्वांनी मागं वळून अण्णांकडं नुसतं पाहिलं. अण्णांनी हातातली काडेपेटी टाकली, घंटी उचलली आणि वाजवायला लागले. पोरं बोरीखालून पळत आली. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण मोठ्यानं जयजयकार सुरू केला. कुणीतरी ताट वाजवलं. न झालेल्या पूजेचा असा गजर मी कुठं ऐकला नाही.

"घे प्रसाद," अव्वा म्हणाल्या.

अप्पांनी तोंड उघडलं.

मी घोट घोट पाजलं. मग पुन्हा गूळ कुस्करून दिला. त्यानंतरचा वेळ कसा गेला हे सांगता येणार नाही. सगळे उभे, शेजारच्या शेतातून पंगतीचा गलका येतोय. आधी हाताची थरथर कमी झाली. मग त्यांनी सदरा चिमटीत धरून पाहिला, भिजलेला कसा म्हणून. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"अरे मॅडम! कधी आलाव?"

महानंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. अण्णा उसाच्या फडाकडं तोंड करून उभे राहिले, बराच वेळ. मी म्हणाले, "आत्ताच आले. आता खीर खा, आणि वर उंडे. बोलायचं नाही." खाऊन झाल्यावर ते पुरते सावध झाले. १०८ येऊन पोचली, त्यांनी तपासलं, साखर आता ठीक आहे म्हणाले. तरी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचं आणि येळवशीला इंजेक्शन कसं घ्यायचं ते विचारायचं, असं मी महानंदाबाईंकडून वदवून घेतलं. औषधाची मात्रा बदलणं हे माझं काम नव्हे.

मग अण्णांनी खरी पूजा मांडली. अप्पा हातात नारळ घेऊन गोंधळून उभे. "मघा झाली म्हणालीस की अव्वा?"

"औंदा दोनदा करायचीय," अव्वा म्हणाल्या. "फोड."

पोरं फिदीफिदी हसली. अव्वांनी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि हात जोडले. ताटात गुळाची जागा रिकामी होती. तिथं त्यांनी दुसरा खडा ठेवला नाही. तसंच ताट लक्ष्मीपुढं सरकवलं.

पंगतीत त्यांनी मला शेजारी बसवलं आणि भज्जी वाढत राहिल्या. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "खा गप. लई वाळलीस." मला त्यांचे आभार मानायचे होते. गूळ कुठं आहे, किती द्यायचा, कसा द्यायचा, हे सगळं मला येत होतं. तोंड उघडायला लावणं मला आलं नसतं. माझ्या कुठल्याही डब्यात ते नव्हतं.

त्यानंतर मी डब्याच्या बाबतीत एक बदल केला. इन्सुलिन घेणाऱ्याची खडीसाखर डब्यात नाही, अंगावर. पुरुषांच्या खिशात, बायकांच्या कमरेच्या पिशवीत. डबा घरात असतो, माणूस कुठंही असतो. आणि येळवस जवळ आली की अशा प्रत्येक गिऱ्हाइकाला मी काउंटरवर विचारते, "तुमच्या शेतात पूजा किती वाजता?" लोक चमकतात. दुकानदारीणबाई मुहूर्त कशाला विचारतात? मग मी समजावून सांगते. डॉक्टरांना आधी विचारा, पाहुण्यांची वाट बघू नका, देवाला सांगून आधी दोन घास खा. पुष्कळ जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्या आयांना गाठते. या कामात आयांसारखा दुसरा उपाय नाही.

पुढच्या येळवशीला अव्वांनी स्वतः फोन केला. फोनवर त्या शेतात हाक मारावी तशा बोलतात. "येणार का ग?"

"येते अव्वा. पण दुकानामुळं उशीर होईल."

"होऊ दे. आम्ही थांबणार न्हाई. जेवून घेऊ. तुझं ताट झाकून ठिवते."

उशीर झालाच. गेले तेव्हा पूजा, पंगत, सगळं उरकलं होतं. बायका खोपीच्या सावलीला बोलत बसल्या होत्या, अण्णा पोरांना घेऊन हुरडा भाजत होते, आणि मन्मथअप्पा बोरीखाली घोंगडीवर तोंड उघडं टाकून घोरत होते. अव्वांनी झाकलेल्या ताटाकडं बोट केलं. मी आधी वाट वाकडी करून बोरीखाली गेले आणि अप्पांच्या कपाळाकडं निरखून पाहिलं. कोरडं होतं. मग येऊन जेवायला बसले.